बासष्ट धुरांचं गाव

४ सप्टेंबर

आजपासून मी सरकारी माणूस आहे. कार्यक्रम: 'स्वच्छ ऊब'. गाव: कारा-जार. समन्वयक: बेगायिम तुर्दुबेककिझी. नेमणुकीच्या कागदाबरोबर ही वही मिळाली, मुखपृष्ठावर हिरवं पान आहे. चांगला समन्वयक नोंदी ठेवतो असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ठेवणार आहे.

उद्दिष्ट सोपं आहे. एक डिसेंबरपर्यंत गावातलं एकही घर कोळशावर तापता कामा नये आणि शाळाही नाही. घरांना भिंतीवर लावायच्या विजेच्या ऊब-पेट्या, शाळेला मोठा उष्णता पंप.

ग्रामकार्यालयात शार्शेन बाइके, म्हणजे शार्शेनदादा, होते. माझ्या जन्माच्या आधीपासून तिथले कारकून. कागद दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बासष्ट धुरांचं गाव आपलं. बासष्टच्या बासष्ट विझवायचे?"

"सगळे, बाइके."

"मग उरणार काय?"

जुनी माणसं अजून घरं न म्हणता धूर म्हणतात. बाइकेंच्या दफ्तरातही तसंच लिहिलेलं असतं. गोड वाटतं ऐकायला.

खरी धाकधूक घरी होती. माझे वडील, आके, एकोणीस वर्षं शाळेच्या बॉयलरवर कोळसा घालतात. त्यांच्या त्या फावड्यावरच बिश्केकमधली माझी पाच वर्षं निघाली. आमच्या घरात पदवी माझ्याआधी कोणी पाहिली नव्हती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चहा संपवला.

"म्हणजे पंप आला की मी फावडं ठेवायचं."

"तुमच्या फुफ्फुसांसाठी बरंच आहे ते, आके."

"फुफ्फुसांनी तक्रार केली का तुझ्याकडे?"

आपाची, म्हणजे आईची, तक्रार वेगळीच. पीठ मळता मळता म्हणाली, "स्वतःचा धूर काढायच्या वयात ही दुसऱ्यांचे विझवत हिंडणार." लग्न होऊन संसार थाटला की मुलीचा धूर निघाला, असं आमच्याकडे म्हणतात. मी तिला सांगितलं की हा शब्दप्रयोग आता कालबाह्य झाला आहे.

२८ सप्टेंबर

राजधानीहून भित्तिपत्रकं आली. मूळ घोषवाक्य रशियनमध्ये आहे, 'धुराविना घर'. कोणीतरी त्याचं किरगिझ केलंय: 'तुमच्या घरचा धूर विझो'. व्याकरण बरोबर आहे. मी चाळीस पत्रकं चिकटवली.

शेजारच्या बुरुल एजेंच्या, म्हणजे बुरुलताईंच्या, फाटकावर चिकटवत होते तेव्हा त्या बाहेर आल्या. वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईशी माझं मेंढीवरून भांडण झालं होतं, कबूल. पण त्याला बारा वर्षं झाली गं."

पत्रक फाडून त्यांनी तीनदा थुंकल्यासारखं केलं. सगळे शब्द संपले की मग वैऱ्याला देतात तो शाप हाच आहे म्हणे. भाषेत अशी जळमटं फार आहेत. प्रबोधन लागेल.

१४ ऑक्टोबर

शाळेच्या सभागृहात माहितीसभा घेतली. पंप हवेतली ऊब ओढून आत आणतो, हे मी चित्र काढून दाखवलं. फ्रीजसारखाच, फक्त उलटा.

मागून एक आजोबा म्हणाले, "पोरी, जानेवारीत बाहेर उणे तीस असतं. त्यातून ऊब काढणार?"

"शास्त्रानुसार उणे तीसमध्येही ऊब असते, आजोबा."

"माझ्या जावयातही चांगुलपणा असेल मग. शास्त्रानुसार."

बराच वेळ हसत होते सगळे. तरी शेवटी बासष्टच्या बासष्ट घरांनी सह्या केल्या. शाळा उबदार राहील आणि मुलं कमी खोकतील, एवढंच मी शेवटी सांगितलं होतं. पहिली सही आकेंची. स्वतःची जागा रद्द करणाऱ्या कागदावर त्यांनी इतकी सुंदर सही केली की मला अभिमान वाटला.

सगळ्या पेट्या एकदम लागल्या तर वीज पुरणार नाही, त्यासाठी नवा मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर आहे. पंधरा डिसेंबरला येईल.

३० नोव्हेंबर

सीलं लावून झाली. प्रत्येक चुलीच्या दाराला तार आणि शिशाची गोळी. बासष्ट. शेवटचं आमच्या घरी लावलं. आपा मला पाठ करून बसली होती.

शाळेचं धुराडं पाडायला येणारी क्रेन घाटात अडकली, म्हणून धुराड्याला हिरवा रंग दिला आहे. शेडमधला उरलेला कोळसा निकाली काढायचा होता. आके म्हणाले, "ते माझ्यावर सोड." मी 'निकाली' लिहून सही केली.

१ डिसेंबर

उद्घाटन. बिश्केकहून कार्यक्रमाचे साहेब आले, एरमेक कुबातोविच. पातळ बूट घालून आले होते, बिचारे. सकाळी नऊला त्यांनी बटण दाबलं आणि पंप घुमायला लागला. त्यावर एक छोटा आकडा आहे, पंप किती तास चालला ते दाखवणारा. शून्य होता. तो रोज वहीत लिहायचा आहे, सोबत वर्गातलं तापमान. आज सोळा.

आके मागे उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

९ डिसेंबर

बाहेर उणे सव्वीस. दुपारपासून वीज पुरत नाही, दिव्यांच्या तारा नुसत्या लाल दिसतायत, पंप रडल्यासारखा आवाज करतोय. वर्गात सात. मुलं कोट-टोप्या घालून बसली होती. तिसरीतल्या एका मुलीने मला विचारलं, "एजे, ऊब सुट्टीवर गेली का?"

मुख्याध्यापक म्हणाले, असंच राहिलं तर आठवड्यात शाळा बंद करावी लागेल, मग पालक मुलांना आक-ताश गावच्या वसतिगृहात घालतील. एकदा गेलेली मुलं परत येत नाहीत. चौऱ्याऐंशी मुलं आहेत.

घरी येऊन मी जेवले नाही. आकेंना म्हटलं, पहिल्याच कामात नापास झाले.

"किती लागतं तुला वर्गात?"

"अठरा."

"बरं," म्हणाले आणि झोपायला गेले.

१० डिसेंबर

वर्गात अठरा. बरोबर अठरा. बाहेर उणे अठ्ठावीस.

पंपाला जम बसायला वेळ लागतो असं पुस्तिकेत लिहिलंच होतं, मीच उतावीळ. रडका आवाजही थांबलाय. अगदी शांत आहे पंप. तास: २११.

आनंदाने आकेंना उठवायला गेले तर ते अंथरुणात नव्हते. आपा म्हणाली, पहाटे चारला घोडा बघायला गेले.

१२ डिसेंबर

शार्शेन बाइकेंची कंबर धरली आहे, म्हणून त्यांचं गावाच्या माहितीचं पत्रक मी भरून दिलं. मेंढ्या ४१००. घोडे २३०. गायी ३६५. आणि पुढचा रकाना वाचून मला भरून आलं. 'धूर.' सरकार आता मेंढ्यांच्या बरोबरीने धूर मोजू लागलं आहे. किती बदलला आपला देश. गेल्या वेळी तिथे बाइकेंनी ६२ लिहिलं होतं.

मी ० लिहिलं. शून्याला जरा ठळक केलं.

२० डिसेंबर

वर्गात अठरा. तास: २११, स्थिर. वाचन स्थिर असणं हे चांगलं लक्षण आहे.

ट्रान्सफॉर्मर आलेला नाही. पण वीज आता पुरते, हे कसं ते कळत नाही.

एक अनपेक्षित लाभ अहवालासाठी नोंदवून ठेवते: गावात स्वच्छतेची आवड वाढली आहे. प्रत्येक अंगणातल्या न्हाणीघराच्या चुलीतून दिवसभर धूर निघतो. बुरुल एजेंकडे गेले तर त्यांनी चहाही न्हाणीघरातच दिला. तिथे सतरंज्या, उशा, टीव्ही, दोन्ही नातवंडं. "घरात का नाही बसत?" विचारलं.

"सारखी आंघोळ करावीशी वाटते गं," त्या म्हणाल्या आणि तळलेल्या बोरसोकांची थाळी पुढे केली.

न्हाणीघरं नियमावलीत नाहीत. नियमावलीत फक्त घरं आहेत.

५ जानेवारी

उणे एकतीस. वर्गात अठरा. तास २११. सकाळी शाळेच्या हिरव्या धुराड्यातून काळपट काहीतरी निघताना दिसलं. आकेंना विचारलं.

"वाफ आहे. पंपाची."

"काळी?"

"अजून उजाडलेलं नसतं ना."

आके खोकतात. रोज पहाटे घोड्याकडे जातात. घोड्याला काय झालंय म्हटलं तर म्हणाले, "सर्दी."

१६ जानेवारी

पत्र आलं. शार्शेन बाइकेंनी मला कार्यालयात बोलावून ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. प्रांताच्या नोंदीनुसार कारा-जार गावात धूर शून्य आहेत. जिथे धूर नाही तिथे वस्ती नाही. सबब मंजूर ट्रान्सफॉर्मर आक-ताशला देण्यात आला आहे. तसंच वस्ती नसलेल्या ठिकाणी शाळा चालवता येत नसल्याने ती सत्राअखेर बंद करून विद्यार्थ्यांना वसतिगृहात हलवावं.

मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी कळलं.

"बाइके, त्या रकान्यातला धूर म्हणजे..."

"घर," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या काळापासून. तू शिकलेली, मला वाटलं तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. याच वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहिलंय. गोड वाटतं म्हणून.

प्रांताच्या कार्यालयात फोन लावला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "तक्रार घेते, पण गाव कोणतं?"

"कारा-जार."

"यादीत नाही ते. नसलेल्या गावाची तक्रार कशी घेऊ, ताई?"

शेवटी एवढं कबूल केलं की तेवीस तारखेला मोजणी अधिकारी पाठवतील. त्याच जीपमधून एरमेक कुबातोविचही येणार आहेत, पंप बघायला. दोन जीप कशाला, इंधन वाचतं, असं त्यांच्या पत्रात लिहिलंय.

२२ जानेवारी

मोजणी कशी होते ते आज कळलं. या थंडीत घरोघरी कोण फिरणार. अधिकारी सकाळी घाटाच्या वळणावर उभा राहून वर जाणारे धूर मोजतो, चहा पितो, परत जातो. न्हाणीघरांचे धरत नाहीत. राहत्या घराच्या छपरातून निघतो तोच धूर.

म्हणजे उद्या एकाच वळणावर दोन साहेब उभे राहणार. एकाला बासष्ट धूर दिसले नाहीत तर शाळा जाईल. दुसऱ्याला एकही दिसला तर कार्यक्रम जाईल, आणि माझी नोकरी.

दुपारभर टेबलाशी बसून दोन्ही जमेल असा मार्ग शोधला. कागदावर रकाने आखले. मग आकेंच्या हत्यारांतली पक्कड घेऊन निघाले.

मी लावलेली बासष्ट सीलं मीच तोडली. कोणी काही विचारलं नाही. फक्त बुरुल एजेंनी शिशाची गोळी हातावर घेतली, म्हणाल्या, "ठेवू का ही? गळाला बांधेन मासे धरायला." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "धूर विझू नये तुझा." लहानपणापासून हजारदा ऐकलं असेल. आज पहिल्यांदा नीट ऐकलं.

आमच्या घरचं सील शेवटी तोडलं. आपाने काडी ओढली, जणू काडी हातात घेऊन नोव्हेंबरपासून बसली होती.

२३ जानेवारी

वारा अजिबात नव्हता. उजाडताना मी, शार्शेन बाइके आणि ग्रामप्रमुख वळणावर गेलो. जीप आली. खाली अख्खं गाव बर्फात, आणि प्रत्येक छपरातून एकेक सरळ धूर, ताणून बांधल्यासारखा.

एरमेक कुबातोविच बघत राहिले. "हे काय आहे?"

"गाव," मोजणी अधिकारी म्हणाला आणि बोट हलवत मोजू लागला. लठ्ठ, थंडीने नाक लाल झालेला माणूस. "...साठ, एकसष्ट, बासष्ट. आहे गाव. सही कुठे करू?"

"पण हा धूर आहे," एरमेक कुबातोविच म्हणाले.

"हो साहेब," शार्शेन बाइके म्हणाले. "दोन्ही अर्थांनी."

साहेब थेट जीपमध्ये जाऊन बसले. शाळेत आलो. आत अठरा. ते रेडिएटरला हात लावून उभे राहिले, पातळ बुटांसकट, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त आलं. "निदान हा तरी चालतोय," म्हणाले. "आकडा वाचा."

"दोनशे अकरा."

"आणि मागच्या महिन्यात?"

मी वही उघडली. दहा डिसेंबर, २११. वीस डिसेंबर, २११. पाच जानेवारी, २११. माझ्याच अक्षरात. एक डिसेंबरच्या सकाळी नऊपासून दोनशे अकरा तास मोजले तर दहा तारखेची पहाट येते. चार वाजलेले असतात.

मी आकेंकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते. हात पाठीमागे.

"साहेब, हा पंप चालत नाहीये," मी म्हटलं. "दीड महिना झाला."

एरमेक कुबातोविच रेडिएटरपासून हलले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "मला नाक आहे, बेगायिम. आल्या आल्या कोळशाचा वास आला. पण माझ्या अहवालात वासाला रकाना नाही. आकड्याला आहे, आणि आकडा स्थिर आहे."

जाताना माझं अभिनंदन केलं.

२४ जानेवारी

बॉयलरखोलीत गेले. चार महिन्यांत पहिल्यांदाच. कोळसा भिंतीला लावून नीट रचलेला होता, 'निकाली' काढलेला. आके पेटीवर बसले होते.

"घोडा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

त्यांनी पेटीवर माझ्यासाठी जागा केली. मग म्हणाले, "पंप चालू ठेवला की गावाची वीज बसते आणि पंपही गारठतो. थोडी थंडी कमी असली की चांगला आहे तो. वाईट नाही. पण जानेवारीचा माणूस नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला अठरा हवं होतं. मी दिलं."

त्यांना रडवायला आले होते की रडायला, माहीत नाही. दोन्ही झालं नाही. त्यांनी फावडं उचललं, कारण वेळ झाली होती.

२ फेब्रुवारी

खात्याला खरं पत्र लिहिलं. चार पानं. पंप बंद का आहे, न्हाणीघरात माणसं का राहतायत, धूर म्हणजे काय. उणे पंधरापर्यंत पंप चालेल, ट्रान्सफॉर्मर मिळाला तर घरंही तापतील. त्याखालच्या थंडीसाठी बॉयलर ठेवा आणि त्यावर माणूस ठेवा. तो माणूस दहा डिसेंबरपासून बिनपगारी काम करतोय, हेही लिहिलं. कार्यक्रम मला अजूनही योग्य वाटतो, असंही शेवटी लिहिलं. वाटतोच.

पत्र टाकल्यावर मला काढून टाकतील याची खात्री होती. हलकं वाटलं.

९ मार्च

उत्तर आलं. काढून टाकलेलं नाही. माझं पत्र 'अनुकरणीय' ठरलं आहे. गाव यादीत परत आलं, शाळा राहिली, ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्यात. बॉयलरला 'पूरक ऊब-स्रोत' म्हणून मान्यता. त्यावर एक पद मंजूर: पूरक ऊब-स्रोत चालक.

मी पत्र आकेंना मोठ्याने वाचून दाखवत होते. मधेच थांबले.

"वाच की," ते म्हणाले.

"शैक्षणिक पात्रता," मी वाचलं. "विद्यापीठाची पदवी."

आपा हातातलं काम सोडून बघू लागली. गावात पदवीधर दोन. एक मुख्याध्यापक.

आकेंनी ती ओळ स्वतः वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला. हसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं. "एकोणीस वर्षं," म्हणाले, "बिनपदवीचा कोळसा घातला मी. जळलाच कसा तो?"

समन्वयक पद मार्चअखेर संपतंय. चौऱ्याऐंशी मुलं. सकाळी अजून उणे अठरा असतं. मी अर्ज भरला.

११ मार्च

पहाटे चारला आकेंबरोबर निघाले. त्यांनी शिकवलं: राख आधी बाजूला सारायची, फावडं खांद्याने नाही, कमरेने उचलायचं, आणि दार उघडताना तोंड वळवायचं. माझी पहिली दोन फावडी बाहेरच सांडली. ते म्हणाले, "विद्यापीठात हे घेत नाहीत वाटतं." आणि आपले हातमोजे काढून मला दिले. आत त्यांच्या हातांची ऊब होती.

सहाला पेटलं. वर्गात अठरा झालं तेव्हा मी हात धुवायला बाहेर आले. शेजारी पंप उभा होता, बर्फाची टोपी घालून. तास: २११. दुपारी उणे दहाच्या वर गेलं की चालू करणार आहे.

हिरव्या धुराड्यातून धूर निघत होता, काळा, नंतर करडा, नंतर सरळ. उजाडलं होतं, त्यामुळे वाफ म्हणायची सोय नव्हती. रस्त्यापलीकडे आमच्या अंगणात आपा बादली घेऊन उभी होती. कुंपणापाशी बुरुल एजे. आपाने कपाळावर हात धरून वर पाहिलं, मग माझ्याकडे, काळ्या तोंडाकडे आणि आकेंच्या हातमोज्यांकडे.

"निघाला बाई," ती बुरुल एजेंना म्हणाली, "निघाला एकदाचा हिचा धूर."